साकवाची फाईल

पावसाळ्यात कोकणातली वाडी तुटते ती पऱ्यामुळे, म्हणजे ओढ्यामुळे. मे महिन्यात ज्या पऱ्यातून चप्पल न भिजवता पलीकडे जाता येतं, तोच जुलैत कमरेएवढं लाल पाणी घेऊन धावतो आणि पलीकडच्या पंचवीस-तीस घरांना शाळा, दवाखाना, रेशन सगळंच दोन-दोन दिवस लांब होतं. रत्नागिरीकडे त्याला पऱ्या म्हणतात, सिंधुदुर्गात व्हाळ. त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, पूर्वी माडाच्या किंवा पोफळीच्या ओंडक्यांचा असे आणि गावकरीच तो पावसाआधी बांधत. पुढे लोखंडी साकव आले. खाऱ्या वाऱ्यात त्यांचे अँगल आणि पत्रे गंजत गेले, कठडा आधी गेला, मग पायाखालची पट्टी. आता वाडी काँक्रीटचा साकव मागते, आणि तोही रिक्षा जाईल एवढा रुंद, कारण आजारी माणसाला डोलीत घालून न्यायला चार खांदे वाडीत उरलेले नाहीत.

कोकणातल्या आमदाराचं काम समजून घ्यायचं असेल तर सुरुवात विधानभवनापासून करू नये. अशा एका साकवाचा कागद धरावा आणि तो कुठे जातो, कुठे अडतो, ते बघत जावं. आमदारकी हा मुळात त्या कागदाच्या मागे चालण्याचा धंदा आहे. आपल्याकडे त्याला पाठपुरावा असा फार चांगला शब्द आहे.

कागद जन्माला येतो ग्रामसभेत. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, तारीख. पहिली चूक इथेच होते आणि ती असते कामाच्या नावाची. ठरावात वाडीचं नाव एक, ग्रामपंचायतीच्या दप्तरात दुसरं, लोकांच्या तोंडी तिसरं. एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असतात, आणि ‘बुद्रुक’ की ‘खुर्द’ हे लिहायचं राहून जातं. हीच चूक पुढे अंदाजपत्रकात उतरते, तिथून थेट शासन निर्णयाच्या यादीत छापली जाते. छापल्यावर ती दुरुस्त करायला शुद्धिपत्रक लागतं. मंजुरीला लागली तेवढीच टेबलं शुद्धिपत्रकाला लागतात, आणि तोवर एक कोरडा हंगाम निघून गेलेला असतो. जाणता आमदार म्हणून पत्रावर सही करण्याआधी कामाचं नाव मोठ्यांदा वाचून घेतो: मौजे अमुक, अमुक वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमुक यांच्या घराजवळ साकव बांधणे, तालुका, जिल्हा. यादीत ‘डांबरीकरण’ छापून आलं आणि रस्त्यावर अजून खडीच पडलेली नसली, तर कामात बदल करून घ्यायला पुन्हा तीच वारी.

दुसरी अडचण जागेची. साकव सरकारी पऱ्यावर असला तरी त्याचे दोन्ही काठ कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतात. कोकणातला सातबारा म्हणजे चाळीस-चाळीस सहहिस्सेदार. त्यातले काही वारलेले, त्यांची वारसनोंद झालेली नाही. काही मुंबईत, काही सुरतेला, एखादी बहीण लग्न होऊन घाटावर. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. एक जरी भाऊबंद अडून बसला तरी फाईल थांबते. त्याला साकव नको असतो असं नाही. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, जुन्या भांडणात हा एकच मोहरा त्याच्या हातात असतो. सह्या मिळण्याचे दिवस वर्षातून दोनदाच येतात, गणपती आणि शिमगा. त्या दिवसांत आमदार घरोघर दर्शनाला फिरतो तेव्हा त्याच्याबरोबरच्या कार्यकर्त्याच्या पिशवीत स्टॅम्पपेपर असेल, तर तो आमदार काम जाणतो असं खुशाल समजावं. आरती संपली, चाकरमानी भाऊ निवांत बसलाय, आई शेजारी आहे. त्या घटकेला जी सही होते, ती पुढे सहा महिने फोन करून होत नाही.

मग रस्त्याची ओळख. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, तो रस्ता लिहिलेला असावा लागतो. त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक असेल तर आणखी चांगलं. पिढ्यान्‌पिढ्या वापरातली पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, पण ‘२३ नंबरला नोंद नाही’ म्हणून निधी नाही, असं शेकडो वाड्यांचं झालेलं आहे. रस्त्यांची उतरंडही ठाऊक हवी. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. जिल्हा परिषदेकडे पैसा कमी, म्हणून आमदार दर्जोन्नतीचा प्रस्ताव टाकतो. रस्ता एक पायरी वर चढला की त्याचं खातं बदलतं आणि त्याबरोबर पैशाचा हौदही.

हौद बरेच आहेत. गावातले जुने सरपंच ते आकड्यांनी ओळखतात. ‘पंचवीस पंधराचं काम आहे’ म्हणजे ग्रामविकास खात्याच्या लेखाशीर्ष २५१५ मधलं. लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पातला खर्चाचा रकाना. ‘तीस चोपन्न’, ‘पन्नास चोपन्न’ म्हणजे रस्ते-पुलांची ३०५४ आणि ५०५४ ही शीर्षं. याशिवाय डोंगरी विकास कार्यक्रम, जिल्हा नियोजन समिती, आणि सगळ्यांना माहीत असलेला आमदार निधी. हा निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे. तो आमदाराच्या हातात येत नाही, हे अजूनही पुष्कळांना सांगावं लागतं. आमदार फक्त काम सुचवतो. मंजुरी जिल्हाधिकारी देतात, काम यंत्रणा करते, बिल यंत्रणा काढते. मतदारसंघात समजा दोनशे गावं धरली, तर ५ कोटींचे गावामागे अडीच लाख होतात. एकेका गावात आठ-दहा वाड्या. अडीच लाखात धड साकव होत नाही. एखादी पाखाडी होते, स्मशानशेड होते, हायमास्टचा खांब उभा राहतो. नुसत्या आमदार निधीवर जगणारा आमदार पाच वर्षं खांबच लावत बसतो ते यामुळेच. मोठं काम हवं असेल तर अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत नाव लागावं लागतं, आणि ते लागतं मंत्रालयात.

अभियंत्याचा भाग मी थोडा सविस्तर सांगतो, कारण साकव पडतो तो इथल्या चुकीने. शाखा अभियंत्याकडे गावं भरपूर आणि दिवस थोडे. तो मोजणीला येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, पऱ्या कोरडा असताना. पाणी कुठवर चढतं हे त्याला दिसत नाही. ते त्याला वाडीतल्या म्हाताऱ्याने दाखवावं लागतं – या फणसाच्या बुंध्यापर्यंत, अमक्या साली त्या पायरीपर्यंत. ही पूररेषा चुकली की साकवाचा स्लॅब पुराच्या पाण्याखाली जातो, वरून वाहून आलेली झाडं त्याला अडकतात आणि पाणी बाजूने काठ कापून नवी वाट काढतं. साकव जागेवर उभा राहतो, पण दोन्ही टोकांचा रस्ता गेलेला असतो. पाया खाली घट्ट कातळापर्यंत न्यायला हवा. वरचा जांभा मऊ निघाला आणि त्यावरच काँक्रीट ओतलं तर चार पावसाळ्यांत खालची माती धुपून पाया पोकळ होतो. खाडीची वाळू न धुता वापरली तर मीठ सळईला लागतं. सळईवरचं काँक्रीटचं आवरण कमी ठेवलं तर खारी हवा तिला गाठते, सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात.

यातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे वेळापत्रक. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, जून ते सप्टेंबर काम बंद. ऑक्टोबरात भातकापणी, मजूर मिळत नाही. खरा हंगाम नोव्हेंबर ते मे. त्यात प्रशासकीय मान्यता डिसेंबरला आली, तांत्रिक मान्यता जानेवारीत, निविदा फेब्रुवारीत, कार्यारंभ आदेश मार्चच्या शेवटी, तर काँक्रीट पडतं एप्रिल-मेमध्ये. काँक्रीटला पाणी मारायचं असतं तेव्हाच पऱ्या आटलेला, विहिरीला तळ लागलेला, वाडीला प्यायला टँकर. ताजं काँक्रीट उन्हात तडकतं. कंत्राटदाराने निविदा अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के ‘बिलो’ भरलेली असेल तर तो पाण्याचा टँकर आणील कुठून? आमदाराने डिसेंबरचा एक महिना वाचवला, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आठ दिवस आधी नेली, तर तो साकव दहा वर्षं जास्त उभा राहतो. हे कुठल्याही कार्यअहवालात छापून येत नाही.

मंत्रालयात आमदाराचं हत्यार म्हणजे त्याचं लेटरहेड. पत्र मंत्र्यांकडे जातं, मंत्री कोपऱ्यात शेरा मारतात, आणि गावात व्हॉट्सअॅपवर त्या पत्राचा फोटो फिरतो: काम मंजूर! शेरा काय आहे ते मात्र नीट वाचावं. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे फाईल तयार करा, बघू. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे नियमात बसलं तर करा, माझा आग्रह नाही. या दोन्हींत मंजुरी कुठेच नाही. शेरा घेऊन पत्र खाली कक्ष अधिकाऱ्याकडे येतं, त्याला आवक क्रमांक पडतो, आणि खरा रस्ता तिथून सुरू होतो. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, मग वित्त विभागाचं मत. फाईल बहुतेक वेळा कुणी मुद्दाम अडवलेली नसते. तिला एखादं प्रमाणपत्र कमी असतं. ‘सदर काम अन्य योजनेतून झालेले नाही’ हे एका ओळीचं प्रमाणपत्र जिल्हा परिषदेकडून यायला दोन महिने लागतात, कारण ते मागितलंय हेच तिथे कुणाला माहीत नसतं. आमदाराचा पीए चांगला असेल तर त्याच्या वहीत प्रत्येक कामासमोर आवक क्रमांक आणि फाईल आज कोणत्या टेबलावर आहे ते लिहिलेलं असतं. चांगला पीए मिळणं ही आमदाराची अर्धी कारकीर्द आहे.

मुंबईतल्या आमदार निवासाच्या खोलीचं कोकणाशी नातं निराळं. त्या खोलीत आमदार कमी आणि रुग्णांचे नातेवाईक जास्त झोपतात. परळला केईएम किंवा टाटाला माणूस दाखल, बरोबर आलेल्या दोघांना मुंबईत भाऊबंदांकडे दहा बाय दहाची खोली, तिथे आधीच सहाजण. पहाटेची गाडी उतरून माणसं सरळ आमदार निवासात येतात. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याची योजना आहे. पण उत्पन्नाचा दाखला जवळ नसेल तर तिचा उपयोग नाही, आणि दाखला मिळतो गावच्या तहसीलमध्ये, पाचशे किलोमीटर मागे. म्हणून अनुभवी कार्यालय गावातून निघतानाच विचारतं: रेशनकार्ड घेतलंत? दाखला काढलात? या प्रश्नाने किती माणसांचा आठवडा वाचतो याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

सभागृहाचं काम लोकांना टीव्हीवर दिसतं ते आरडाओरडीचं. त्यातला सगळ्यात धारदार भाग छापील असतो, तारांकित प्रश्न. त्याचा साचा ठरलेला आहे. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, असं विचारून मग कलमं: अमुक हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? नवा आमदार पहिल्याच कलमात सगळं कोंबतो. पूल धोकादायक आहे, तीनदा अर्ज दिले, ठेकेदाराने निकृष्ट काम केलं, लोकांत संतापाची भावना आहे, हे खरे आहे काय? खात्याला एवढंच हवं असतं. अर्ज तीन नसून दोन होते, एवढ्या आधाराने उत्तर येतं: ‘हे खरे नाही’. आणि खालच्या तिन्ही कलमांसमोर: ‘प्रश्न उद्भवत नाही’. सहा महिन्यांची वाट दोन ओळींत बंद.

मुरलेला आमदार एका कलमात एकच गोष्ट विचारतो, तारखेसह. अमुक उपविभागाच्या अभियंत्याने अमुक तारखेच्या पत्राने पूल वाहतुकीस धोकादायक कळवला, हे खरे आहे काय? पत्र खात्याच्याच दप्तरात आहे, ‘होय’ म्हणण्यावाचून गत नाही. पहिलं ‘होय’ आलं की पुढची कलमं जिवंत राहतात. प्रश्नोत्तराच्या एका तासात मोजकेच प्रश्न तोंडी घेतले जातात, पण उरलेल्यांची उत्तरं लेखी सभागृहासमोर येतात आणि ती कागदावर कायम राहतात. तोंडी पुकारला गेला तर उपप्रश्नाची संधी मिळते. तिथे भाषण करू नये, तारीख मागावी. ‘हे काम कोणत्या महिन्यापर्यंत पूर्ण होईल?’ मंत्र्यांनी महिना सांगितला की ते आश्वासन झालं, कार्यवाहीत आलं, आणि आश्वासन समिती त्याचा हिशेब मागू शकते. नियम १०५ ची लक्षवेधी सूचना, नियम २९३ ची चर्चा, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना, सगळ्यांचा उपयोग शेवटी हाच: खात्याकडून लेखी काहीतरी काढून घेणं. अधिवेशनात एकदाही न ओरडणारे पण दरवेळी लेखी उत्तर घेऊन गावी येणारे आमदार कोकणाने पाहिलेले आहेत. त्यांची कामं आजही उभी आहेत.

शब्द कागदावर आणणं आणि तो जमिनीवर उतरवणं यांतलं अंतर महाडला जितकं दिसतं तितकं क्वचित दिसतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तळ्यावर मात्र कुणी गेलं नाही, जाऊ दिलं गेलं नाही. बोले तिथे थांबले नाहीत. १९२६ मध्ये त्यांनी पुन्हा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड हा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचं अनुदान बंद करावं. पहिल्या ठरावाला दात नव्हते, दुसऱ्याने ते दिले. आणि तरीही तळ्याचं पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ चा दिवस आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे चालत गेलेली हजारो माणसं लागली.

त्याच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती ही खास कोकणातली व्यवस्था. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत, आणि पिकाचा मोठा वाटा मधल्यामध्ये त्याच्याकडे. विधेयकामागे बळ उभं करायला १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी बोटीने आणि पायी मुंबईला येऊन विधिमंडळावर चालून गेले. विधेयक मंजूर झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पण त्या कायद्याने जे मागितलं त्याची भाषा बारा वर्षं आधी सभागृहाच्या पटलावर लिहून ठेवलेली होती. हरलेलं अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्र्याने नव्हे तर साध्या सदस्याने आणलेलं, वाया जात नाही, असं मी यावरून पक्कं धरून चाललो आहे.

आजच्या आमदारापुढे त्या मापाचा प्रश्न येतो तो वादळानंतर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरुडपासून मंडणगड, दापोलीपर्यंत पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मदत जाहीर झाली ती फळबागांना हेक्टरी ५० हजार. कागदावर आकडा बरा दिसतो. पण कोकणातली बाग हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. पाच गुंठ्यांच्या वाडीत पोफळ, मधे माड, पोफळीवर मिरीचे वेल, कडेला जायफळ. पाच गुंठे म्हणजे हेक्टरी ५० हजारांच्या हिशेबाने अडीच हजार रुपये. पडलेली झाडं कापून बाहेर काढायला मजुरीच त्याहून जास्त. आणि नवी पोफळ फळायला पाच-सहा वर्षं, माडाला त्याहून जास्त. अशा वेळी आमदाराचं काम मदतीचा आकडा वाढवून मागणं एवढंच नसतं. मोजण्याचं माप बदलून घेणं हे असतं. क्षेत्राऐवजी झाड मोजा, हा आग्रह किनाऱ्यावरून लावून धरला गेला आणि नारळ-सुपारीला झाडामागे मदतीचा निर्णय झाला. घाटावरच्या पिकांसाठी बेतलेल्या नियमांत कोकण कुठे बसत नाही हे ओळखून तेवढ्या ओळीवर बोट ठेवणं, याला अभ्यास म्हणतात.

पंचनाम्यातही तोच सहहिस्सेदारांचा घोळ. बाग कसतो एक, सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, आणि पैसे कुणाच्या खात्यावर यायचे याला बाकीच्यांची संमती. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक तिघं मिळून दिवसाला जेवढी घरं करू शकतात तेवढीच होतात. पाऊस सुरू झाला की पडलेलं झाड कुजतं आणि पुरावा जातो. तेव्हा लोकांना पहिल्या दिवशी सांगायचं असतं ते एकच: झाड कापण्याआधी फोटो काढा, बुंधे मोजून ठेवा.

खारभूमीचं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीचं, दुखणं असंच. उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी भातखाचरात शिरतं आणि पुढे दोन-तीन पावसाळे धुतल्याशिवाय जमीन पिकाला येत नाही. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झापं कुजलेली असतात, भरतीला ती मिटत नाहीत. बांध शासकीय योजनेतला असेल तर खारभूमी विभाग दुरुस्त करतो. खाजगी असेल तर शेतकरी एकटा. म्हणून खांड पडण्याच्या कितीतरी आधी बांध योजनेत घालून घेणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी कुणी वर्षानुवर्षं मागे लागत नाही, कारण कोरड्या बांधाला मतं नसतात.

आमदाराने आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवावी लागते: कोणतं दार कुणाचं. मुंबई-गोवा महामार्ग केंद्राचा, कोकण रेल्वेचा थांबा केंद्राचा, किनाऱ्यावरच्या बांधकामाला नियम घालणारी सीआरझेडची अधिसूचना केंद्राची. मासेमारीत तर दर्यावरच रेघ आहे. १२ सागरी मैलांच्या आत राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, त्यापलीकडे केंद्र. एलईडी लावून मासे ओढणारी नौका रेघेच्या पलीकडे उभी असली की राज्याच्या गस्तीनौकेचा हात तोकडा पडतो, आणि बंदरावर जाब मात्र आमदाराला. त्याने ‘माझ्या हातात नाही’ म्हटलं तर ते खरं असूनही चालत नाही. डिझेल परतावा मात्र राज्याचा. तो थकला की मच्छीमार सोसायटीची थकबाकी वाढते आणि नव्या हंगामात, १ ऑगस्टला बंदी उठल्यावर, पहिल्या फेरीला डिझेल भरायला पैसा नसतो. तो विषय पावसाळी अधिवेशनात मांडायचा, हिवाळी अधिवेशनापर्यंत थांबायचं नाही.

निवडणुकीबद्दल थोडक्यात. वय २५ पूर्ण, अनामत १० हजार, वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही तर ती जप्त. खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब. तो दिला नाही तर तीन वर्षं अपात्रता येऊ शकते. कोकणाचं वेगळेपण मतदारयादीत आहे. नाव गावी, माणूस मुंबईला. वाडीची बैठक गावात होते आणि मुंबई मंडळाची मुंबईत, दोन्हीकडचा कल जुळला तरच वाडी एकगठ्ठा. या स्थलांतराने जागाही नेल्या. २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची पुनर्रचना झाली तेव्हा २००९ पासून रत्नागिरी जिल्ह्याचे सातचे पाच झाले, सिंधुदुर्गाचे चारचे तीन. खेड आणि संगमेश्वर ही नावं विधानसभेच्या २८८ मतदारसंघांच्या यादीतून गेली. आता सावंतवाडीच्या आमदाराकडे वेंगुर्ले आणि दोडामार्गही, कणकवलीच्या आमदाराकडे देवगड आणि वैभववाडीही. समुद्रापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत एक माणूस, आणि मयताला, बारशाला, पालखीला, कबड्डीच्या फायनलला त्याने दिसावं ही अपेक्षा मात्र जुनीच. दिवसाचे चार तास गाडीत जातात. फाईल वाचायची ती तिथेच.

मग एखाद्या निकालाच्या दिवशी हे सगळं थांबतं. आचारसंहिता लागली तेव्हा ज्या कामांचा कार्यारंभ आदेश निघाला होता पण प्रत्यक्ष कुदळ पडली नव्हती, ती तशीच अडकून राहतात. सरकार बदललं तर आधीच्या मंजुऱ्यांना स्थगिती येते. यादी पुन्हा तपासली जाते आणि तपासणीत एखादा साकव गळतो, कारण त्याच्या बाजूने बोलायला खोलीत कुणी नसतं. बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, आलेला निधी ३१ मार्चपर्यंत खर्ची पडला नाही तर परत जातो. वाडीला यातलं काही कळत नाही. त्यांना दिसतं ते एवढंच, की मोजणी झाली होती, चुन्याच्या खुणा पडल्या होत्या आणि पुढे कुणी आलं नाही.

अशा वेळी पडलेल्या आमदाराच्या घरी पीएच्या त्या वहीचं काय होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आवक क्रमांक, टेबल, तारीख, कमी असलेलं प्रमाणपत्र, संमतीपत्रावर राहिलेली एक सही, ती कुणाची, तो गणपतीला किती दिवस गावी असतो, सगळं त्यात आहे. काही जण ती कपाटात ठेवतात. काही जण निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात सरपंचाला बोलावून त्याच्या गावची पानं झेरॉक्स करून देतात आणि सांगतात, नव्या आमदारांकडे जा, हा नंबर सांगा, नव्याने अर्ज करू नका. नव्याने अर्ज केला तर नवा आवक क्रमांक पडतो आणि फाईल पुन्हा पहिल्या टेबलापासून निघते. जुना क्रमांक सांगितला तर ती जिथे थांबली होती तिथून उठते. वरचं जुळून आलं तर नोव्हेंबरात पायाचा खड्डा घेता येतो, पऱ्यात पाणी असेपर्यंत काँक्रीट भिजवता येतं, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात स्लॅबखालच्या फळ्या आणि बल्ल्या काढून काठावर रचून ठेवता येतात.